आरटीआय टाकताना उत्तर मागू नका, कागद मागा

गेल्या महिन्यात एका ओळखीच्यांनी आरटीआयच्या अर्जाचा फोटो पाठवला आणि विचारलं की बघ जरा, कुठे चुकलं. अर्जात लिहिलेलं, "माझ्या वडिलांच्या निधनानंतर वारस नोंद अजून का केली नाही? याला जबाबदार कोण? त्याच्यावर काय कारवाई करणार?" उत्तर एका ओळीचं आलेलं, "सदर बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे." ते भयंकर चिडलेले. पण खरं सांगायचं तर ऑफिसवाल्याने कायद्याबाहेर काही केलं नव्हतं. दहा रुपये, पस्तीस दिवस आणि दोन चकरा पाण्यात गेल्या त्या फक्त अर्जातल्या प्रश्नचिन्हांमुळे.

मी स्वतः पहिला अर्ज असाच टाकलेला, त्याहून वाईट होता, तीन पानी होता. त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाहीये. पण हीच चूक इतक्या वेळा बघितलीये की एकदा सगळं क्रमाने लिहून टाकतो. क्रम महत्त्वाचा आहे, चौथी पायरी आधी आणि पहिली नंतर असं केलं की गाडी अडकते.

१. आधी ठरवा, हे काम आरटीआयचं आहे का

माहिती अधिकार अधिनियम २००५ प्रमाणे सरकारी कार्यालयाकडे जे रेकॉर्डला *आहे* ते मिळतं. म्हणजे कागद, टिपणी, नोंदवही, आदेश, मोजमाप, कॉम्प्युटरमधला डेटा, अगदी बांधकामाच्या मालाचा नमुनासुद्धा. "का केलं नाही" याचं स्पष्टीकरण कुठल्या कागदावर लिहिलेलं नसेल तर ते अधिकाऱ्याने तुमच्यासाठी नव्याने लिहून द्यायचं नसतं. २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय, आणि त्याच निकालात विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्कही दिलाय. ज्यांना पेपर बघायचाय त्यांनी नोंद घ्या.

आता तुमचं काम खालीलपैकी कशात बसतं ते बघा.

दाखला, लायसन्स, नोंद वेळेत मिळत नाहीये? मग मुळात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अर्ज आणि अपील करा, तिथे सेवेला मुदत ठरलेली असते. आरटीआय तिथे जोडीला चालतो, ऐवजी नाही.

सातबारा, फेरफार, जुना खाते उतारा पाहिजे? बराचसा ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत. त्याच्यासाठी ३० दिवस थांबणं म्हणजे पायलीचा खर्च करून मूठभर धान्य.

हाउसिंग सोसायटीचा हिशोब पाहिजे? सोसायटीला थेट आरटीआय लागत नाही, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या सहकारी संस्थांच्या प्रकरणात ते सांगून टाकलंय. पण सभासद म्हणून सहकार कायद्यातच तुम्हाला दफ्तर बघायचा हक्क आहे, आणि उपनिबंधकाकडे (सहकार खात्याचा अधिकारी) सोसायटीने जे भरलंय किंवा त्यांना कायद्याने मागवता येतं ते उपनिबंधक कार्यालयात आरटीआय टाकून मागता येतं. दोन्ही दारं वेगळी आहेत.

प्रायव्हेट बँक, अ‍ॅप, मोबाइल कंपनी? आरटीआय नाही. त्याचं शेवटी बोलतो.

> तपासा: तुम्हाला हवी असलेली गोष्ट "कुठल्या तरी ऑफिसच्या कपाटात आत्ता पडलेली आहे" असं म्हणता येतं का? येत नसेल तर अर्ज लिहायला बसू नका.

२. तयारी: कागद कुठल्या कपाटात आहे ते शोधा

लोक इथेच आळस करतात. अर्ज लिहायला दहा मिनिटं लागतात, तयारीला दोन दिवस लागले पाहिजेत.

पहिलं, ऑफिस राज्याचं की केंद्राचं. तहसील, पंचायत समिती, महापालिका, महावितरण, एसटी हे राज्याकडचं. पोस्ट, रेल्वे, पासपोर्ट, पीएफ, राष्ट्रीयीकृत बँका, आयकर हे केंद्राचं. याच्यावरून फी, फॉर्म, पोर्टल, अपील सगळं बदलतं. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर आपल्या तहसीलदाराचं नाव टाकून अर्ज भरणारे लोक मी बघितलेत, तो अर्ज परत येतो आणि फी परत मिळत नाही.

दुसरं, जन माहिती अधिकारी (अर्जाला उत्तर देणारा) कोण आणि प्रथम अपिलीय अधिकारी (त्या उत्तरावरचं पहिलं अपील ऐकणारा) कोण. ऑफिसमध्ये बोर्ड लावलेला असतो, म्हणजे असायला हवा. बोर्डाचा फोटो काढून ठेवा, कारण दुसरं नाव नंतर लागणार आहे. नाव माहीत नसेल तर नुसतं "जन माहिती अधिकारी, अमुक कार्यालय" लिहिलं तरी चालतं. नाव चुकलं म्हणून अर्ज घेणार नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

तिसरं, कलम ४. प्रत्येक कार्यालयाने १७ मुद्द्यांची माहिती न मागता स्वतःहून जाहीर करायची असते, त्यात अधिकाऱ्यांचे मासिक पगार, अनुदान योजना आणि त्यांच्या लाभार्थ्यांचा तपशील, दिलेल्या सवलती-परवाने, सगळं येतं. वेबसाइटवर हे आधी शोधा. मिळालं तर अर्जाची गरजच नाही, नाही मिळालं तर अर्जात "कलम ४(१)(ख) खाली प्रसिद्ध करायची माहिती" असं लिहिता येतं, आणि ते नाकारणं अधिकाऱ्याला अवघड जातं.

चौथं, आणि सगळ्यात दुर्लक्षित: कागदाचं *खरं नाव* शोधा. प्रत्येक खात्याची आपली भाषा असते. रस्त्याच्या कामात "बिलं द्या" म्हणण्यापेक्षा अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक अशी चार नावं घेतली की समोरचा ओळखतो की याला माहितीये. तुमच्या जुन्या अर्जाचं काय झालं ते बघायचं तर आवक नोंदवही, कार्यविवरण नोंदवही आणि संचिकेतली, म्हणजे फाइलमधली, टिपणी. महसूलमध्ये तर प्रत्येक वहीला नंबर आहे: गाव नमुना ६ म्हणजे फेरफार, ६अ म्हणजे तक्रारी, वादग्रस्त नोंदींची वही, ६क म्हणजे वारसांची. नाव माहीत नसेल तर त्याच ऑफिसातल्या एखाद्या क्लार्कशी चहाच्या टपरीवर पाच मिनिटं बोला. थोडे मराठी माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे, पण तिथेच खरं ज्ञान मिळतं.

> सावध: तारीख आणि नंबर नसलेला अर्ज "माहिती संदिग्ध आहे" म्हणून परत यायचा रस्ता मोकळा करतो. गट नंबर, जावक क्रमांक, वर्ष, वॉर्ड, जे असेल ते हाताशी घेऊन बसा.

३. अर्ज लिहिणं: एक विषय, १५० शब्द

महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे की एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांच्या आत. केंद्राकडे मर्यादा ५०० शब्दांची आहे. दोन विषय असतील तर दोन अर्ज टाका, वीस रुपये जातील पण अर्ज अडकणार नाही.

महाराष्ट्रासाठी नमुना "अ" वापरा. त्यात विषय, कालावधी, माहितीचं वर्णन, टपालाने हवी की स्वतः घेणार, आणि दारिद्र्यरेषेखाली आहात का, एवढंच असतं. माहिती कशासाठी हवी हे लिहायचं नाही. कलम ६(२) प्रमाणे कुणी विचारूही शकत नाही. लोक उगाच लिहितात, "माझ्यावर अन्याय झाला असून…" आणि १५० पैकी १०० शब्द तिथेच संपतात.

आता त्या ओळखीच्यांचा अर्ज आम्ही परत कसा लिहिला ते दाखवतो. गाव, गट नंबर बदललेत.

विषय: मौजे अमुक, गट नं. अमुक, वारस नोंदीच्या अर्जाबाबत.
कालावधी: अर्ज दिल्याच्या तारखेपासून आजपर्यंत.
वर्णन:
- माझा दि. अमुकचा अर्ज ज्या पानावर नोंदवला ते आवक नोंदवहीचं पान, साक्षांकित प्रत.
- गाव नमुना ६क मधील संबंधित नोंदीची प्रत.
- गाव नमुना ६ मधील फेरफार नोंदीची मंडळ अधिकाऱ्यांच्या शेऱ्यासह प्रत.
- नमुना ९ च्या नोटिसा आणि त्या बजावल्याच्या पोचपावत्यांची प्रत.
- हरकत असल्यास नमुना ६अ मधील नोंदीची प्रत.
- वरीलपैकी एखादा अभिलेख नसल्यास "उपलब्ध नाही" असं मुद्देनिहाय लेखी कळवावे.

बघा, एकही प्रश्न नाहीये. पण पाचही प्रती हातात आल्या की "का झालं नाही" आणि "जबाबदार कोण" दोन्हीची उत्तरं तारखेसकट समोर असतात. त्यांच्या केसमध्ये पहिला मुद्दा सोडून पुढच्या चारही मुद्द्यांची उत्तरं आली "उपलब्ध नाही". म्हणजे अर्ज आवक झाला आणि पुढे हललाच नाही! तो शेवटचा मुद्दा म्हणूनच टाकायचा असतो, कारण "उपलब्ध नाही" हा सही-शिक्क्याचा कागद पुढे फार कामाला येतो.

पहिलं पान तेवढं होतं, आवक नोंदवहीचं. निळ्या शाईत त्यांचं नाव, तारीख, आणि पुढच्या "कोणाकडे दिले" या रकान्यात काहीच नाही, कोरा. त्या कोऱ्या रकान्याची झेरॉक्स त्यांनी दोन रुपयांना घेतली. त्या एका पानावर मंडळ अधिकाऱ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांशी बोलता आलं.

> चुका ज्या रोज दिसतात: "सर्व माहिती द्यावी", "आजपर्यंतची संपूर्ण फाइल", "खालील प्रश्नांची हो/नाही मध्ये उत्तरे द्या", "कारवाई करून कळवा". पहिल्या दोन्हींमुळे "माहिती मोठ्या प्रमाणात आहे" म्हणतात, पुढच्या दोन्हींमुळे "माहितीच्या व्याख्येत नाही".

मोठी फाइल असेल तर प्रती मागण्याऐवजी *पाहणी* मागा. "संचिका क्र. अमुकची पाहणी करून हवी ती पानं निवडायची आहेत" असं लिहा. पहिला तास फुकट असतो, त्यानंतर महाराष्ट्रात दर १५ मिनिटाला ५ रुपये. पेन आत नेऊ देत नाहीत, नियमात फक्त पेन्सिल आहे, तेव्हा घरून टोक केलेल्या दोन न्या. ऑफिसातली पेन्सिल कधी सापडत नाही.

४. खाजगीपणाची गाठ: स्वतःची माहिती वेगळी, दुसऱ्याची वेगळी

या टप्प्यावर सध्या सगळ्यात जास्त अर्ज पडतायत, म्हणून जरा थांबतो.

पूर्वी कलम ८(१)(ञ) प्रमाणे वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा तिने खाजगीपणात नाहक ढवळाढवळ होते हे बघावं लागायचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये हे कलम छाटलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमांबरोबर तो बदल लागूही झाला. आता त्या कलमात नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच उरलंय. त्यामुळे कुणाचंही नाव आलं की अर्ज फेटाळायचा असा सपाटा काही ठिकाणी सुरू झालाय. माझ्या मते हा बदल चुकीचा आहे, पण इथे रडून फायदा नाही, अर्ज त्याप्रमाणे लिहायचा.

*माहिती तुमची स्वतःची असेल* तर हे स्पष्ट लिहा: "मागितलेली माहिती माझ्या स्वतःबाबतची आहे." माझी सेवा पुस्तिका, माझा अर्ज, माझी उत्तरपत्रिका, माझ्या तक्रारीवरचा चौकशी अहवाल. खाजगीपणाचा हक्क २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी मूलभूत म्हणून मान्य केला, तो *तुमच्या* बाजूने आहे, तुमच्यापासून तुमची माहिती लपवायला नाही. इथे ओळख पटवायला सांगितलं तर ते रास्त आहे, पण आधारची झेरॉक्स अर्जाला चिकटवू नका, तो अर्ज चार टेबलांवर फिरतो. लागलंच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार दाखवा आणि परत घ्या. इतर कुठल्याही अर्जात नाव आणि पत्र पोचेल असा पत्ता एवढं पुरतं.

*माहिती दुसऱ्याची असेल* तर आधी स्वतःला विचारा की मला माणूस हवाय की कारभार. घरकुल यादीतल्या शेजाऱ्याची जात, उत्पन्न, बँक खातं मागितलं तर नाकारणारच, आणि नाकारलं पाहिजे. पण योजनेचे निकष, मंजूर यादी, पात्रता तपासल्याचा अहवाल, नावं झाकून का होईना पण किती जणांना कुठल्या निकषावर पैसे गेले, हे कारभाराचं आहे. तीन गोष्टी अर्जात घाला:

कलम ४(१)(ख) चा उल्लेख, लाभार्थी आणि पगारासाठी.
कलम १०, म्हणजे "वैयक्तिक भाग वगळून उरलेली माहिती द्यावी".
कलम ८(२), म्हणजे जनहित मोठं असेल तर नाकारायच्या कलमांमधली माहितीसुद्धा देता येते. हे कलम तसंच शाबूत आहे, लोक विसरतात. पण "जनहितार्थ" एवढा शब्द टाकून भागत नाही, कुठलं जनहित ते एका वाक्यात लिहा. "अमुक रस्त्यावर बिल निघून सहा महिन्यांत खड्डे पडले आहेत" असं.

एक नेहमीची फसगत सांगतो. पोटगीच्या केसमध्ये नवऱ्याचा किंवा बायकोचा पगार आरटीआयने काढायचा प्रयत्न. महिने जातात आणि हाती काही येत नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मालमत्ता आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्या रस्त्याने जा, वकिलाला तेच सांगा.

तिसऱ्या माणसाची गोपनीय म्हणून दिलेली माहिती असेल तर अधिकारी त्याला ५ दिवसात नोटीस देतो, त्याला म्हणणं मांडायला १० दिवस असतात आणि निर्णयाला एकूण ४० दिवस लागू शकतात. त्याने "देऊ नका" म्हटलं म्हणजे संपलं असं नसतं, निर्णय अधिकाऱ्याचाच असतो.

> तपासा: अर्जातलं प्रत्येक नाव पेन्सिलीने खोडून बघा. नाव खोडूनही तुमचं काम होत असेल तर नाव लिहूच नका.

५. फी आणि अर्ज देणं

राज्याच्या ऑफिसला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प अर्जावर चिकटवलं की झालं, किंवा रोख भरून पावती घ्या. केंद्राच्या ऑफिसला कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन. या एका गोष्टीवरून किती अर्ज परत आलेत काय सांगू. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही, पण पुरावा जोडा, नुसतं टिक मारून चालत नाही.

परदेशात असलेल्यांसाठी: भारतीय पासपोर्ट असेल तर अर्ज करता येतो, केंद्राच्या ऑफिससाठी ई-पोस्टल ऑर्डरची सोय आहे. ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, मात्र हा हक्क नाही, कायद्यात "नागरिक" असा शब्द आहे. तेव्हा गावाकडच्या जमिनीचं काम असेल तर इथल्या भावाच्या नावाने अर्ज टाका.

हाताने देत असाल तर दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. "साहेब नाहीत, उद्या या" म्हटलं तर वाद घालत बसू नका, सरळ पोस्टात जा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे स्पीड पोस्ट करा आणि ट्रॅकिंगमध्ये "डिलिव्हर्ड" दिसलं की त्याच दिवशी स्क्रीनशॉट. काही आठवड्यांनी ते पान दिसेल याची खात्री धरू नका. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर तुमचं ऑफिस यादीत असेल तर तिथूनही होतं, नोंदणी क्रमांक लिहून ठेवा.

चुकीच्या ऑफिसला गेला तर? अधिकाऱ्याने ५ दिवसांत योग्य ऑफिसकडे पाठवून तुम्हाला कळवायचं असतं, कलम ६(३). "आमच्याकडे नाही, तुम्हीच तिकडे जा" हे बरोबर उत्तर नाही.

६. ३० दिवस कसे मोजायचे

अर्ज *पोचल्या* दिवसापासून ३० दिवस, टाकल्या दिवसापासून नाही. सहायक जन माहिती अधिकाऱ्यामार्फत (जो अर्ज घेऊन पुढे पाठवतो) दिला तर ३५. जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण ते दवाखान्यात, कोठडीत असलेल्या माणसासाठी आहे, अर्जावर "अत्यंत तातडीचे" लिहून रस्त्याच्या बिलाला लागू होत नाही.

आता मधेच पत्र येतं: "१२६ पानांचे २५२ रुपये भरा." महाराष्ट्रात ए-फोर पानाला २ रुपये हा दर आहे. हे पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजणीतून वगळले जातात, त्यामुळे पत्र २९ व्या दिवशी निघतं हे योगायोगाने होत नाही. लगेच भरा, पावती घ्या. पण पत्र *३० दिवस उलटून गेल्यावर* आलं असेल तर एक पैसा भरायचा नाही, कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यायला लागते. हे लेखी मागा.

कॅलेंडरवर तीन तारखा आत्ताच टाका: पोचल्यापासून ३० वा दिवस, त्यानंतरचा ३० वा दिवस (पहिलं अपील), आणि एक आठवडा आधीची आठवण. लोक अपील हरत नाहीत, तारीख हरतात.

उत्तर आलं की आधी हे बघा: मुद्देनिहाय आहे का, नाकारलं असेल तर कुठल्या कलमाखाली आणि कारण काय, अपील कुणाकडे आणि किती दिवसांत ते लिहिलंय का. यातलं नकाराचं कारण आणि अपिलाचा तपशील देणं बंधनकारक आहे. नुसतं "नियमानुसार देता येत नाही" हे उत्तर म्हणजे तुमच्या अपिलाचा अर्धा मसुदा तयारच समजा.

७. पहिलं अपील

काहीच उत्तर आलं नाही तर कायद्याने तो नकारच धरला जातो. उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जायचं. महाराष्ट्रात नमुना "ब" आणि २० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, केंद्राकडे फी नाही.

अपिलात नवीन माहिती मागू नका, फक्त आधीच्या अर्जातलं काय दिलं नाही ते मुद्देनिहाय. नकाराची नेहमीची कारणं आणि त्यावर काय लिहायचं:

"माहिती मोठ्या प्रमाणात": हे नाकारायचं कारणच नाही. कलम ७(९) प्रमाणे फार तर वेगळ्या स्वरूपात देता येईल, मग मला पाहणी द्या असं लिहा.

"तपास चालू आहे": कलम ८(१)(ज) मध्ये तपासाला *अडथळा येईल* असं आहे, तपास चालू असणं पुरेसं नाही. कसा अडथळा ते दाखवायची जबाबदारी अधिकाऱ्याची, अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं त्याच्यावरच असतं.

"अभिलेख आढळून येत नाही": इथे सोडू नका. सरकारी कागदाला वर्ग असतो, अ म्हणजे कायमचा, ब ३० वर्षं, क १० वर्षं, क-१ ५ वर्षं, ड एक वर्ष. कुठल्या वर्गातला होता आणि नष्ट केला असेल तर नष्ट केल्याची नोंद आणि आदेश मागा. तुम्ही अ वर्गाच्या कागदाबद्दल विचारताय आणि नष्ट केल्याची नोंद नाहीये, असं झालं की कपाट पुन्हा उघडतं. दोन वेळा बघितलंय.

सुनावणीला जमलं तर जा. पाच-दहा मिनिटांची असते. अर्ज, पोच, उत्तर, अपील तारखेने लावून न्या आणि बोलताना "साहेब, मुद्दा क्रमांक ३ आणि ५ मिळालेले नाहीत" एवढंच बोला. भ्रष्टाचारावर भाषण सुरू केलं की ऐकणारा तुमचे मुद्देही ऐकायचे बंद करतो. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५.

८. दुसरं अपील की तक्रार

इथे लोक दोन्हीत गोंधळ करतात आणि तो महागात पडतो. पहिल्या अपिलाचा निर्णय आला, किंवा यायला हवा होता, त्यापासून ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, नमुना "क", २० रुपयांचं स्टॅम्प. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशी खंडपीठं आहेत, तुमच्या विभागाचं बघा. केंद्राच्या ऑफिसचं अपील दिल्लीच्या केंद्रीय आयोगाकडे.

कलम १८ ची *तक्रार* वेगळी असते. तिच्यात अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, पण तक्रारीतून कागद मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. राग आलेला माणूस तक्रार टाकतो, ज्याला कागद हवाय तो दुसरं अपील टाकतो आणि त्यातच दंडाची मागणी करतो.

आयोगात नंबर लागायला खूप वेळ जातो, हे मनाची तयारी ठेवूनच टाका. तोवर बाकीचे मुद्दे नव्या अर्जात, वेगळ्या शब्दांत, दुसऱ्या ऑफिसकडे मागून बघा. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नसलेली प्रत तहसील किंवा प्रांत ऑफिसात बऱ्याचदा असते.

९. आणि प्रायव्हेट कंपन्यांकडचा तुमचा डेटा

इथे आरटीआय नाही म्हटलं, पण हात बांधलेले नाहीत. डेटा संरक्षण कायद्यातले "माझ्याबद्दल काय ठेवलंय ते दाखवा, चूक दुरुस्त करा, पुसून टाका" हे हक्क नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतात. आत्ता कंपनीला त्या कलमांचा धाक दाखवून मेल टाकू नका, समोरचा वकील हसतो.

आज काय चालतं ते करा. कर्जांच्या नोंदी ठेवणारे चारही क्रेडिट ब्युरो, म्हणजे सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायला बांधील आहेत. चारही काढा, कारण एकात नसलेलं कर्ज दुसऱ्यात दिसतं. चूक दिसली तर ऑनलाइन वाद नोंदवा आणि नोंदणी क्रमांक जपा, ३० दिवसांत सोडवली नाही तर त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आधार कुठे-कुठे वापरलं गेलं याची गेल्या सहा महिन्यांची यादी आधारच्या साइटवर लॉगिन करून बघता येते, त्यात अनोळखी नाव दिसलं तर त्याच साइटवरून बायोमेट्रिक लॉक करा आणि मग विचारपूस करा, उलट्या क्रमाने नको.

ओळखीच्यांचं पुढे काय झालं ते राहिलंच. कोऱ्या रकान्याची ती झेरॉक्स जोडून लोकसेवा हक्काखाली पहिलं अपील टाकलं, अठराव्या दिवशी फेरफार नोंद झाली. अपिलीय सुनावणीत साहेबांनी त्यांना विचारलं म्हणे, "हे आवकचं पान तुम्हाला कुणी दिलं?" त्यांनी पावती दाखवली. दोन रुपयांची.